गाठ कातताना

निवांत बसा. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधावरची एक जुनी बाभूळ डोळ्यांसमोर आणा. काळी भेगाळलेली साल, पांढरे काटे, आणि खोडाला कमरेच्या उंचीवर आलेलं गाठीचं एक मोठं आवाळू. नजर तिथंच राहू द्या.

कधीतरी इथं कुऱ्हाडीचा घाव बसला असेल, कीड लागली असेल, गाडीच्या चाकानं साल सोलली गेली असेल. त्या जागी सालीखाली निजलेले कितीतरी डोळे एकदम जागे झाले. पण त्यांतल्या एकाचीही फांदी झाली नाही. लाकूड त्यांच्याभोवती वळत, मुडपत, साचत गेलं. बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. दुष्काळी वर्षांत वाढ नावालाच. तरी गाठ भरत राहिली.

बाभळीचं लाकूड आपल्याकडं औताला, कुळवाला, तिफणीला. सुतार गाठ कापून बाजूला टाकतो, आणि त्याचं बरोबरच आहे. ताण सोसायला सरळ रेषांचं लाकूड हवं. गाठीतल्या रेषा कुठूनही कुठंही जातात. मग ती चुलीत जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ती गाठ हातात घ्या. वजन जाणवू द्या. बोटानं टिचकी मारा, मग लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोका. ऐका.

याच जिल्ह्यात, तेरणेकाठच्या तेरला संत गोरोबाकाका कुंभार होऊन गेले. संतमेळ्यात त्यांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा परमार्थ मोठा आहेच. मला तिच्यात आधी कारागिराचा कान दिसतो. लेथवर लाकूड कातून वाडगे करणारा कातारीही असाच ऐकतो. आवाज खणखणीत आला तर आत लाकूड सलग आहे. बद्द आला तर आत भेग असेल, पोकळी असेल, नाहीतर गाठीनं गिळलेली साल. अशी गाठ लेथवर मिनिटाला शेकडो फेरे घेताना फुटली, तर तुकडा थेट तोंडावर येतो. तोंडावर जाळी किंवा न फुटणारी पारदर्शक ढाल हवीच. मनात शंका असेल तर ती गाठ चढवूच नका.

पक्की वाटली तर ओली असतानाच वाडग्याचा ढोबळ आकार काढा. भिंत जाड ठेवा, व्यासाच्या साधारण 10 टक्के. 10 इंचांच्या वाडग्याला 1 इंच. कडांना मेण लावा, कागदात गुंडाळा, वारा लागणार नाही अशा सावलीत ठेवा. पुढं काही महिने हात लावायचा नाही.

या महिन्यांत थोडं थांबूया. वरून काहीच घडत नाही. आत पाणी एकेक तंतू सोडून चाललेलं आहे. सरळ लाकूड सुकताना एका बाजूनं ओढलं जातं आणि रेषेरेषेनं तडकतं. गाठीत रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळं भेग पडली तरी सहसा फार लांब धावत नाही. वाडगा थोडा वाकडा होतो, अंगावर खड्डे-उंचवटे येतात. येऊ द्या. वाळलेल्या लाकडाचं आयुष्य मोठं असतं: तेरच्या लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट अजून पाहायला मिळते.

मग पुन्हा लेथ. गोल पटाशीला ताजी धार लावा. गाठीत सुलटी दिशा अशी नसतेच. कुठूनही कापा, कुठंतरी रेषा उलटी येणारच. जोर लावलात की तंतू उपटून निघतात आणि तिथं खरबरीत डाग राहतो. म्हणून अगदी पातळ काप घ्या. लेथ बंद करा, बोट फिरवून बघा, पुन्हा धार लावा. श्वास हातापेक्षा पुढं पळू देऊ नका. आणि मग डोळे दिसू लागतात: मसुराएवढे गडद ठिपके, भोवती तांबूस, मधाळ वळणं, मध्येच सालीची काळी फट. ती फट भरून टाकायची घाई नको. मला तर ती ठेवलेलीच आवडते.

1970 च्या दशकात अमेरिकेत मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी अशा टाकाऊ लाकडाची पात्रं कलेच्या दालनात नेली. पुढं गाठींना दाम आला आणि दामामागून चोरी. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वनात चोर जुन्या वृक्षांच्या गाठी रात्री करवतीनं कापून नेऊ लागले. 2014 साली तिथला एक रस्ता रात्रीचा बंद करावा लागला. जिवंत झाडाची गाठ काढली की खोडाला मोठी उघडी जखम होते आणि तिथून कीड-बुरशी आत शिरते.

म्हणून उभ्या झाडाच्या गाठीला हात लावू नका. वादळानं पडलेली, रस्तारुंदीत गेलेली बाभूळ, चिंच, कडुनिंब आपल्याकडं थोडी नाहीत. सरपणाच्या ढिगात अशी गाठ दिसली तर ती चुलीत जाण्याआधी बाजूला काढा आणि लेथ चालवणाऱ्या एखाद्या सुताराकडं पोचवा.