मेत्तूरची सबब

कावेरीवरील मेत्तूर धरणात आज किती फूट पाणी आहे हे ज्यांना पंचांगातील तिथीपेक्षाही बिनचूक सांगता येते, अशा एका सद्गृहस्थांनी आपल्या जुन्या घराच्या पाडकामाचा राडारोडा या आठवड्यात गाड्या भरभरून तंजावरच्या किल्ल्याच्या खंदकात लोटविला. आणि कोणी हटकले तेव्हा, कर्नाटक पाणी सोडीत नाही तेथे या डबक्याचे काय घेऊन बसलात, एवढे बोलून ते निर्विकार मुद्रेने चालते झाले. राडारोड्यापेक्षा त्या उत्तराचा मला अधिक संताप आला, कारण राडारोडा एकट्या त्यांचा होता आणि उत्तर अवघ्या गावाचे आहे.

महानगरपालिका लक्ष देत नाही, शेजारीही तेच करतो, राजे गेले तेव्हाच तळी गेली, या सबबी सांगणाराही अर्ध्या मनाने सांगतो. त्यांची दखल घेण्याचे कारण नाही. मेत्तूरची सबब मात्र भारदस्त. 1924 चा करार, 1990 चा लवाद, 2007 चा निवाडा आणि 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय असा भला मोठा दफ्तरखाना तिच्या पाठीशी असल्यामुळे ती उच्चारणाऱ्याच्या स्वरात वकिली गांभीर्य आपोआप येते. कावेरीवरील तंजावरचा हक्क न्याय्य आहे, आणि बारा जूनला मेत्तूरचे दरवाजे उघडले नाहीत म्हणजे कुरुवईचे भात करणाऱ्या कुळाच्या घरी कशी अवकळा येते हे ज्याने पाहिले आहे तो त्या हक्काविषयी हलके बोलणार नाही. परंतु बिळिगुंडलू येथे मोजून घ्यावयाच्या 177.25 अब्ज घनफूट पाण्याचा आणि खंदकात पडलेल्या विटांचा संबंध कोणता? वरच्या राज्याने कबिनीचे पाणी अडविले म्हणून आपण आपल्या परसातील आड बुजवावा, कृष्णराजसागर भरला नाही म्हणून अंगणातला पाऊस गटारात घालवावा, हा युक्तिवाद आमच्या कोणत्याही वकिलाने लवादापुढे मांडल्याचे ऐकिवात नाही. तो कॉफीच्या पेल्यापाशीच मांडला जातो आणि तेथेच मंजूर होतो. वर्षभराच्या पावसाचा निम्म्याहून अधिक भाग ज्या ईशान्य मोसमी वाऱ्यांनी आश्विन-कार्तिकात, ऐप्पसीच्या त्या काळोख्या दिवसांत, येथे आणून टाकावा, ते वारे बंगालच्या उपसागरावरून येतात. त्या ढगांवर म्हैसूरचा ताबा कोणत्या सनदेने आला? आणि बरे, ज्या वर्षी मेत्तूर काठोकाठ भरते त्या वर्षी हेच गृहस्थ काय म्हणतात तेही मी ऐकले आहे: आता पाणी मुबलक आले, तळ्यांची गरजच काय? जी सबब दुष्काळातही चालते आणि सुकाळातही चालते, तिचा पाण्याशी काही संबंध नाही. तिचा संबंध न उठणाऱ्या हातांशी आहे.

ज्यांनी हे गाव वसविले त्यांना नदी जवळ असूनही पावसाचे पाणी साठविण्याची गरज वाटली होती. सेवप्प नायकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाबाहेरील तलावातले पाणी जमिनीखालून शिवगंगेच्या तळ्यात आणावे आणि तेथून मातीच्या नळांनी वस्तीतल्या विहिरींना पोहोचवावे, ही योजना नायकांच्या व पुढे भोसल्यांच्या राजवटीशी जोडली जाते. अलीकडे अय्यंकुळम आणि सामंतन कुळम या तळ्यांचे पुनरुज्जीवन झाले, त्यात शिवगंगेकडून येणाऱ्या जुन्या भूमिगत वाटेचाही माग काढला गेला, ही खरोखर आनंदाची गोष्ट. फक्त तळ्याचे काठ सिमेंटने बांधून त्यावर फरशी बसविण्याचा जो सोस आपल्याकडे बळावला आहे त्याविषयी मी पूर्वीही लिहिले आहे आणि सोस सुटेपर्यंत लिहीत राहीन. चिखलाच्या उतरत्या काठावर बेडूक चढतो, बगळा उभा राहतो, खंड्या बीळ करतो. सिमेंटच्या उभ्या भिंतीवर केवळ माणूस बसतो. वडुवूरचा तलाव सिंचनासाठी केलेला, तरी तेथे पक्षी उतरतात म्हणून 1999 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेला.

आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो, हे तर आम्ही अजिबात ध्यानात घेत नाही. 1934 साली मेत्तूरबरोबरच कल्लणै बंधाऱ्याचा जो नवा कालवा सुरू झाला, ज्याला येथे पुदु आरु म्हणतात, तो आमच्या गावातून पुढे पट्टुक्कोट्टै-पेरावूरणीच्या बाजूला जातो. आपण त्यात जे टाकतो ते शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत जाते, आणि जे पाणी आपण वाटेत नासवितो ते त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणजे तंजावरने कर्नाटकाविषयी जी तक्रार करावी तीच पेरावूरणीने तंजावरविषयी करावी. तिकडच्या लोकांनी तक्रार केलीही असेल, पण 2018 च्या नोव्हेंबरात गजा वादळाने माडांच्या बागाच्या बागा आडव्या केल्यानंतर तेथल्या तरुणांनी आणि शेतकऱ्यांनी वर्गणी काढून आपले साडेपाचशे एकरांचे पेरियकुळम उपसण्यास हात घातला. गाळ काढून बांध घातले ते मातीचे, हे मला विशेष रुचले. गावाने आपल्या तळ्याची निगा स्वतः राखण्याची कुडिमरामतीची वहिवाट या मुलखात फार जुनी आहे. त्या तरुणांनी ती शासकीय हुकुमाची वाट न पाहता चालविली.

पेरावूरणीच्याही खाली समुद्र आहे. सरफोजीराजांनी उभविलेल्या मनोऱ्यावरून जो पाल्कचा उपसागर दिसतो, त्याचा 448 चौरस किलोमीटरांचा पट्टा सप्टेंबर 2022 मध्ये समुद्रगाईंसाठी राखीव झाला. भारतातील अशा प्रकारचे हे पहिले राखीव क्षेत्र. हा अजस्र, निरुपद्रवी प्राणी समुद्राच्या तळावरचे गवत खातो, आणि त्या गवताला निर्मळ पाण्यातून झिरपणारा सूर्यप्रकाश लागतो. पाणी गढूळ झाले की गवत मरते, गवत मेले की प्राणी उपाशी राहतो. त्याने कोणत्या लवादाकडे दाद मागावी?

सर्वांनी कुदळ घेऊन खंदकात उतरावे असे मी म्हणत नाही; उतरणार नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि वयाची, प्रकृतीची, व्यवसायाची कारणे खरीही असतील. पण 2003 पासून या राज्यात प्रत्येक घराला पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय सक्तीची आहे, आणि आमच्या पेठांत छपरावरून उतरणारे ते नळ कितीतरी घरी खड्ड्यात न जाता सरळ रस्त्यावर सुटलेले दिसतात. ज्यांच्या घरचा नळ तसा सुटलेला आहे, त्यांनी तो दुरुस्त होईपर्यंत तरी मेत्तूरची पातळी मला सांगू नये.