सायकलवरच्या उपकरणांचा विमा आणि अपरिग्रह

हँडलवरचा जीपीएस संगणक, क्रँकमधला पॉवर मीटर, दिवे, अ‍ॅक्शन कॅमेरा अशी उपकरणे जमत गेली की त्यांची किंमत कित्येकदा सायकलीच्या किमतीला जाऊन भिडते. त्यांचा विमा उतरवताना धर्मविचारातला एक जुना प्रश्न समोर येतो. वस्तू जाईल या भीतीने आगाऊ पैसे भरणे ही आसक्ती म्हणायची की विवेक?

या प्रश्नाचे सर्वात कडक उत्तर गांधीजींच्या आत्मकथेत सापडते. मुंबईत असताना त्यांनी दहा हजार रुपयांचा आयुर्विमा उतरवला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत अपरिग्रहाचा विचार करता करता त्यांनी हप्ते भरणे थांबवले. विम्यामुळे बायकामुलांचे स्वावलंबन आपण हिरावून घेतले आणि ईश्वरावरचा आपला विश्वास तोकडा पडला, असे त्यांना वाटले. पण ही हरकत आयुर्विम्याला जशी लागू पडते तशी वस्तूच्या विम्याला पडत नाही. पॉवर मीटरला कुणी वारस नसतो. येथे जैन आचार्य उमास्वातींचा निकष अधिक उपयोगी ठरतो. तत्त्वार्थसूत्रात त्यांनी परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूत जीव गुंतण्यावरून सांगितली आहे. त्या कसोटीवर विमा न उतरवता रात्रभर सायकलीच्या काळजीत तळमळणारा माणूस अधिक परिग्रही ठरतो.

इस्लामी धर्मशास्त्राचा आक्षेप वेगळा आहे. ठरावीक हप्त्याच्या बदल्यात अनिश्चित भरपाई मिळण्यात घरर, म्हणजे अनिश्चितता, आणि जुगाराचा अंश आहे, असे त्यात मानले जाते. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने 1985 मध्ये व्यापारी विमा अमान्य करून परस्पर साहाय्यावर उभा असलेला सहकारी विमा हा पर्याय सुचवला. तकाफुल ही इस्लामी विमा पद्धत त्याच तत्त्वावर चालते. सभासद वर्गणी दानाच्या भावनेने देतात आणि ज्याचे नुकसान होते त्याला त्या निधीतून मदत मिळते.

नैतिक प्रश्नाचा खरा कस मात्र पॉलिसीच्या अटींत लागतो. बहुतेक पॉलिसींमध्ये झीज आणि बॅटरीची घटलेली क्षमता वगळलेली असते. सहज काढता येणारे उपकरण बेवारस सायकलवर सोडून गेले आणि चोरीला गेले, तर दावा अनेकदा नाकारला जातो. घाटातल्या टपरीवर चहाला थांबलेला स्वार संगणकाला पाव फेरा देऊन तो जर्सीच्या खिशात टाकतो, तेव्हा तो हीच अट पाळत असतो. विमा नसताना घेतली असती तितकीच काळजी विमा असताना घ्यायची, हे कराराचे मूळ गृहीतक आहे. कर्तव्य पूर्ण करावे आणि फळाचा भार सोडावा, या गीतेच्या शिकवणीच्या ते फार जवळ आहे. म्हणूनच पडून फुटलेला जुना संगणक चोरीला गेला असे सांगणे गंभीर पाप ठरते. त्या खोट्या दाव्याची किंमत शेवटी इतर सगळ्यांच्या हप्त्यांतून वसूल होते.

नुकसानभरपाईच्या तत्त्वातच एक त्यागही दडलेला आहे. चोरीचा पूर्ण दावा चुकता झाल्यावर उपकरण सापडले, तर त्यावर सामान्यतः विमा कंपनीचा हक्क असतो. पैसे आणि वस्तू दोन्ही ठेवून घेण्याची मुभा मालकाला नसते. वस्तू परत हवीच असेल, तर त्याने ते कंपनीला कळवून मिळालेली रक्कम परत करावी लागते.