पाहणे आणि पहारा : ‘गाभ्रीचा पाऊस’च्या निमित्ताने

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्या साहित्यविचाराने पूर्वीच हाती घेतला आणि बऱ्याच अंशी निकालात काढला, अशी आपली समजूत आहे. भरताने शोक हा करुणाचा स्थायिभाव मानला. पुढील आचार्यांनी साधारणीकरणाची उपपत्ती मांडली : रंगमंचावरील शोक कोणा एकाचा राहत नाही, म्हणून तो प्रेक्षकाला लौकिक शोकासारखा बोचत नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. तिच्यानुसार रसिक पात्राच्या ठिकाणी स्वतःला कल्पितो, पण आपण कोण आहोत याचे भान सोडत नाही. दोन्ही उपपत्तींत चर्चा आहे ती आनंद ‘कसा’ होतो याची. तो घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न निराळा आहे. तो मानसशास्त्राचा नसून नीतीचा आहे. ज्याचे दुःख दाखवले जाते तो आणि ते पाहणारा, हे दोघे एकाच तालुक्याच्या बाजारात भेटत असतील, तर हा प्रश्न टाळता येत नाही.

सतीश मनवर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा चित्रपट वर्धा जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर पाहताना हा प्रश्न मला प्रथम नीट कळला. कथा साधी आहे. विदर्भातील एका खेड्यात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. किसना (गिरीश कुलकर्णी) हाही कापूस पिकवणारा, कर्जात रुतलेला. त्याची पत्नी अलका (सोनाली कुलकर्णी) हिच्या मनात भीती शिरते की, आपला नवराही त्याच वाटेने जाईल. ती ही भीती त्याच्याजवळ बोलत नाही. ती त्याच्यावर पहारा बसवते. लहानगा दिनू बापाच्या मागे धाडला जातो, म्हातारी सासूही (ज्योती सुभाष) या कामाला लावली जाते, किसनाचे मन राखण्यासाठी घरात आवडीचे रांधले जाते. किसनाला मात्र आपल्या अवतीभवती हे काय चालले आहे, याचा पत्ता नसतो. त्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. या विसंगतीतून चित्रपटात हसू निर्माण होते आणि ते बराच काळ टिकते.

अलकेच्या या पहाऱ्याचे नैतिक स्वरूप काय? वरवर पाहता तो प्रेमाचा आविष्कार आहे. परंतु तो किसनाला संशयिताच्या जागी नेऊन बसवतो, हेही खरे. दोर, फवारणीच्या औषधाचा डबा, विहिरीचा काठ या शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातील वस्तू. त्यांतील प्रत्येक वस्तू अलकेच्या नजरेत खूण बनते. त्याचे गप्प बसणे खूण, उशिरा येणे खूण. माणूस जिवंत असतानाच त्याचे आयुष्य त्याच्या मृत्यूची प्रस्तावना म्हणून वाचले जाऊ लागते. आपल्या माणसाला असे वाचण्याचा अधिकार प्रेमाला तरी आहे काय, असा आक्षेप येथे संभवतो आणि तो गंभीर आहे.

त्याचे उत्तर मला अलकेच्या वाचनाच्या हेतूत सापडते. आपले वाचन चुकीचे ठरावे, अशी तिची इच्छा आहे. खुणा ती रात्रंदिवस गोळा करते, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष खोटा पडावा म्हणून. तो खोटा पडला तर तिचे हसे होईल, आणि तेच तिला हवे आहे. पहारा आणि नुसते पाहणे यांतील भेद मला येथे दिसतो. नुसते पाहणाऱ्याला आपला अंदाज खरा ठरण्यात समाधान असते. पहारा करणाऱ्याची सारी धडपड तो खोटा ठरवण्यासाठी असते.

आता चित्रपटाबाहेरील एक वाचन पाहू. २००५च्या डिसेंबरात वर्धा जिल्ह्यातील डोरली या गावाने स्वतःला विक्रीस काढले. पुढील वर्षी, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, याच जिल्ह्यातील वायफडलाही गेले. आणि वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर झाली. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याची राज्य शासनाची तरतूद होतीच. त्यासाठी प्रत्येक मृत्यूची चौकशी होऊन प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवले जाई. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाकडून, वसुलीचा तगादा होता काय, नापिकी होती काय, दारूचे व्यसन होते काय, असे प्रश्न विचारले जात. सार्वजनिक पैसा द्यायचा तर काही कसोटी हवी, हे मान्य केले पाहिजे. पण या वाचनाची दिशा ध्यानात घ्यावी. ते शेवटापासून आरंभ करते. प्रेत हे त्याचे पहिले वाक्य. तेथून ते मागे जाते आणि एक, केवळ एकच, कारण शोधते. अलकाही खुणाच वाचते. परंतु तिच्यापुढे शेवट नाही, फक्त उद्याचा दिवस आहे. चित्रपटाच्या अखेरीविषयी येथे मी मुद्दामच लिहीत नाही. शेवटावरून मागील प्रत्येक प्रसंगाचा अर्थ लावू लागलो, तर आपणही चौकशी समितीच्याच खुर्चीत बसू.

आपण समीक्षक बरेचदा त्या खुर्चीत बसलेलेच असतो, ही गोष्ट कबूल करायला हवी. वास्तववादी समीक्षा दुःखाला विचारते : तू प्रातिनिधिक आहेस काय? तुझ्यामागे व्यवस्थेचे कारण आहे, की केवळ स्वभावदोष? रससिद्धान्ताची समीक्षा विचारते : तू साधारण झालेस काय? दोन्ही प्रश्न पात्रतेचे आहेत, आणि दोहोंत त्या माणसाचे नाव पुसून टाकावे लागते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीचे वाचन या दृष्टीने पुन्हा करण्याजोगे आहे. वऱ्हाडातील एका गरीब शिंप्याच्या घराची ही कथा. नवरा महादेव संसाराला पुरा पडत नाही; कौतिक मात्र हातपाय गाळत नाही. तिला ‘सोशिक भारतीय स्त्री’ म्हटले की साधारणीकरण होते, ‘ग्रामीण दारिद्र्याची बळी’ म्हटले की प्रातिनिधिकता साधते. आणि दोन्ही वेळा कौतिक आपल्या हातून निसटते. कारण आज चूल पेटेल कशी, हा तिचा प्रश्न असतो. आपण कशाचे उदाहरण आहोत, हा नव्हे. अलका ही कौतिकच्याच घराण्यातील आहे. घर सावरू पाहणारी बाई आपल्या कथेत नायिका नसते. ती कामात असते.

चित्रपटानंतर वर्गात शांतता होती. काहींचे डोळे भरून आले होते, माझेही. एक विद्यार्थिनी मात्र कोरडी बसली होती. ती कोरडवाहू शेती असलेल्या घरातली. तिला काही बोलायचे आहे का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘सगळे हासले तेव्हा मला काही वाटलं नाही, सर. रडले तेव्हा राग आला. आमच्या घरीही असाच पहारा होता. बाबा आहेत अजून.’’

तिचे हे तीन-चार वाक्यांचे बोलणे मला करुणाच्या साऱ्या चर्चेवरील भाष्य वाटते. हसू तिला खपले, कारण ते त्या घरातलेच होते. डोरलीने गाव विकायला काढले, त्यातही असेच कडवट हसू होते. ‘गाभ्रीचा’ ही शिवीही तशीच : पावसाला ती द्यायची, तर तो आपल्या ओळखीचा, ऐकून घेणारा असा कोणी आहे, हे आधी धरून चालावे लागते. हसणारा माणूस अजून व्यवहारात असतो, पावसाशी भांडत असतो. आमच्या अश्रूंनी मात्र निकाल देऊन टाकला होता. किसनाला आम्ही मनोमन मेलेल्यांत जमा केले होते आणि त्याच्याबरोबर तिच्या बापालाही. अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये (२०१०) नत्थाभोवती अख्खा देश जमतो, त्याला पाहणारे असंख्य असतात, पहारा करणारे क्वचितच. तेथील वार्ताहरांना आपण हसतो. वर्गात रडताना आपण त्यांच्यापासून किती दूर होतो?

मग दुःखाची कलाकृती पाहूच नये काय? असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. न पाहण्याने कोणाचाही पहारा होत नाही. मला वाटते, केळकरांच्या कल्पनेतील ‘सविकल्प’ या पदाकडे आपण आजवर पुरेसे लक्ष दिले नाही. समाधीच्या गोडीत विकल्पाचा, म्हणजे आपण स्वतः कोण आहोत या भानाचा, नैतिक उपयोग राहून गेला. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार घेणारा मी किसना होऊ शकत नाही, आणि तसे झाल्याची कल्पना करून रडणे ही फुकटची श्रीमंती आहे. परंतु मी अलकेच्या शेजारचा होऊ शकतो. तिचा अंदाज खोटा ठरावा, अशी इच्छा मी धरू शकतो. प्रेक्षकाला एवढी जागा मोकळी आहे आणि ती लहान नाही. करुणाचा आस्वाद घेण्याचा अधिकार असेलच, तर तो या जागेवरून मिळतो : समोरच्याचा शेवट ठरलेला नाही, असे शेवटच्या चौकटीपर्यंत धरून पाहण्यातून.

त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. तिचे वडील कसे आहेत, एवढे विचारले. ‘‘फवारणी चालू आहे,’’ ती म्हणाली, आणि शेवटची बस गाठायची म्हणून निघाली.