लेकरांना देवाचा धाक घालावा काय?

घरदार सोडून रानात जा, असे आपल्या संतांनी कोणास सांगितले नाही. नामदेवरायांचे घर मुलासुनांनी भरलेले होते. एकनाथमहाराजांचा संसार पैठणास चालू होता. तुकोबारायांनी देहूस वाण्याचा धंदा केला, १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात घरची माणसे गमावली, आणि पुढेही लेकराबाळांतच राहिले. तेव्हा वारकऱ्याच्या परमार्थाची पहिली परीक्षा मंदिरात होत नाही, वीणेपाशीही होत नाही. ती होते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तेथे एक पोर रडत असते, दुसरे हट्ट करीत असते, आणि आपल्याला तर कीर्तनाची वेळ गाठायची असते.

अशा वेळी आपल्या तोंडून काय निघते, ते वाचकांनी आठवून पाहावे. "गप बस, नाहीतर देव कान कापील." "खोटं बोललास तर देव जीभ छाटील." "हरिपाठ चुकवलास ना? विठोबा बघून घेईल तुला." आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही. हे बोल आमच्या आजोबांच्या तोंडी होते, वडिलांच्या तोंडी होते, आणि आमच्याही तोंडी आले. मुले तेवढ्यापुरती गप होतात, आपले काम भागते, म्हणून कोणी त्याचा फारसा विचार करीत नाही. आम्हीही केला नव्हता. तो का करावा लागला, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची कार्तिकातील गोष्ट. द्वादशीचा दिवस. उपवास सोडायचा म्हणून घरात पहाटेपासून स्वयंपाकाची गडबड चाललेली. नैवेद्याला बेसनाचे लाडू केलेले. आमचा थोरला नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. तो स्वयंपाकघरात शिरला आणि नैवेद्य दाखविण्याआधीच एक लाडू उचलून खाऊ लागला. आम्ही देव्हाऱ्यापाशी गंध उगाळीत होतो. ते दिसले मात्र, आमच्या तोंडून निघून गेले, "विठोबाच्या आधी खाल्लास? तो बघतोय बरं का! आता बघ कशी शिक्षा करतो ती." पोर अर्धा लाडू हातात धरून तसेच उभे राहिले. पुढे पूजा झाली, नैवेद्य झाला, आरती झाली, सगळे जेवले. विषय संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला.

त्याच रात्री त्याच्या धाकट्या बहिणीस ताप भरला. ती दोन वर्षांची. हवा पालटली होती, गावात घरोघरी सर्दी-तापाचे आजारी होते. डॉक्टरांनी औषध दिले, दोन-तीन दिवसांत उतरेल म्हणाले. त्यात काही विशेष नव्हते. परंतु नातू त्या दिवसापासून हरिपाठाला बसेना. हाक मारली की दारापर्यंत येई आणि तेथूनच परत जाई. आम्हांस वाटले, पोर आळसावले, मोबाईलची चटक लागली. त्याबद्दल आणखी दोन शब्द सुनावले.

तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्याला मुंग्या लागल्या. त्याच्या आजीने मुंग्यांचा माग काढला, तो विठोबा-रखुमाईच्या मूर्तीमागे वहीच्या कागदाची एक पुडी निघाली. पुडीत लाडवाचे तुकडे होते. एक तो पहिला अर्धा, आणि मागून त्याच्या वाट्याला आलेले दोन. कोणी नसताना त्याने ते तेथे ठेवले होते. आजीने जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाला, "मी खाल्ला त्याच्यापेक्षा जास्त परत दिलाय. आता त्याला सांग ना, तिचा ताप काढून घे म्हणून."

आम्ही ऐकत उभे होतो. इतकी वर्षे पंढरीची वाट चाललो, माउली माउली म्हणून कंठ सुकविला, आणि आमच्याच घरात एक सहा वर्षांचे लेकरू विठोबाला भिऊन तीन दिवस एकटे वावरत होते. आपल्या एका लाडवापायी बहिणीचे काही बरेवाईट होईल, असे त्याने मनात धरले होते. हे त्याने कोणास सांगितले नाही, कारण ज्याला सांगायचे, तोच रागावलेला, असे आम्हीच त्याला शिकविले होते.

ही गोष्ट पुढे आम्ही आमच्या दिंडीतील एका वयोवृद्ध गृहस्थांस सांगितली. ते म्हणाले, "अहो, थोडं भय पाहिजेच. भयावाचून पोरं ऐकतात होय? आणि आपण तरी पापाला भितोच की." बोलणे सहज टाकून देण्यासारखे नव्हते. म्हणून त्याचा नीट विचार करू.

पापाचे भय साधकास असते हे खरे. पण ते भय कोणाला पेलते? ज्याला बरेवाईट निवडता येते त्याला. आपण काय केले, का केले, ते सुधारावे कसे, एवढे ज्याला उमगते, त्याला ते भय वाट दाखविते. सहा वर्षांच्या मुलास ही निवड कोठली? त्याला सांगावे तसे ते धरून चालते. देव शिक्षा करील म्हटले की ते शिक्षेची वाट पाहू लागते, आणि संसारात दुखणे-खुपणे तर रोजचेच आहे. आज बहिणीला ताप येतो, उद्या गाय मरते, परवा आजी पडते. त्या प्रत्येक दुःखाशी त्याचा कोणता ना कोणता लहानसा अपराध जोडला जातो. पापाचे भय शिकवायला निघालो आणि दुसऱ्याच्या दुखण्याचे ओझे पोराच्या डोक्यावर ठेवून आलो, असे होते.

दुसरे असे की, मुलांना धाक नकोच, असे आम्ही म्हणत नाही. विहिरीवर वाकणाऱ्या पोराला दरडावलेच पाहिजे. पण तो धाक आमचा असावा, देवाचा नसावा. बाप रागावला तर मूल त्याचा राग पाहते, आणि घटकाभराने तो राग उतरलेलाही पाहते. बाप हसतो, ताटावर बोलावतो, पोराला कळते की आता मिटले. बापाशी भांडता येते, त्याच्यापाशी रडता येते. न दिसणाऱ्या देवाचा राग उतरलेला मात्र त्याला कधीच दिसत नाही. तो राग मग रात्री अंधारात त्याच्या उशाशी बसतो. म्हणून आई-बापांनी, आजी-आजोबांनी सरळ म्हणावे, "मला राग आला आहे." आपला राग आपल्या नावाने करावा. तो देवाच्या नावावर खपवणे म्हणजे देवाच्या नावाने खोटे बोलणे होय, आणि ज्या तोंडाने नाम घ्यायचे त्याच तोंडाने ते खोटे बोलले जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण ज्याची भक्ती करतो, तो देव कसा आहे? पुंडलीक आई-बापांची सेवा करीत होता. दारी साक्षात देव आला, तरी त्याने सेवा सोडली नाही. एक वीट मागे फेकली आणि थांबायला सांगितले. देव रागावला काय? तो विटेवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे. दोन्ही हात कटेवर. पंढरीस जाऊन ज्याने त्याचे रूप पाहिले असेल, त्याने आठवावे, त्याचा एकही हात मारण्यासाठी उगारलेला नाही. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. मास्तरांच्या हातची छडी गेली. आणि आम्ही वारकरी घरात ती छडी कोणाच्या हाती देतो? ज्याने हात कटेवरून काढलेलेच नाहीत, त्याच्या!

संत तरी विठोबास भीत होते काय? नामदेवांची बाळपणची कथा प्रत्येक कीर्तनात आपण ऐकतो. वडील परगावी गेले, आई गोणाईने नैवेद्याचे ताट देऊन मुलाला राउळात पाठविले. देव जेवेना. पोराने हट्ट धरला, रडले, डोके फोडून घेतो म्हणाले. शेवटी देवाला जेवावे लागले. धाक होता तो देवालाच होता! आज महाद्वारी नामदेवांची पायरी आहे, आणि तिला वंदन करून आपण पुढे जातो. जनाबाईने तर विठोबाशी घरच्या माणसासारखी भांडणे केली, त्याला नावे ठेविली. भिणाऱ्याला भांडता येत नाही. भांडतो तो, ज्याला आपुलकीची खात्री असते.

'देव कोपेल' हा बोल मोठ्यांच्या हाती काय करतो, हेही आपल्या पंढरीने पाहिले आहे. चोखोबांची समाधी महाद्वाराशी, पण त्यांच्या समाजाला शतकानुशतके आत जाता येत नव्हते. देव बाटेल, धर्म बुडेल, असे सांगितले जाई. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, आणि मंदिर सर्वांस खुले झाले. देव बाटला नाही, कोपलाही नाही. तो आहे तसाच विटेवर उभा राहिला. कोप होता तो माणसांचा होता, देवाच्या नावावर घातलेला. घरातल्या लहान धाकाची आणि त्या मोठ्या धाकाची जात एकच, असे आम्हांस वाटते. आपली सोय पाहायची आणि नाव देवाचे सांगायचे.

मग मुलांना शिकवावे कसे? याचे उत्तर आपल्या संप्रदायात फार जुने आहे. त्यांना बरोबर न्यावे. पैठणास गोदेच्या वाळवंटात भर उन्हात एक पोर रडत होते, तेव्हा नाथांनी कोणाचे, कोणत्या जातीचे हे न विचारता ते कडेवर घेतले, अशी कथा आहे. आधी कडेवर घेणे, मग शिकवणे. कीर्तनात पोर मांडीवर झोपले तर झोपू द्यावे, कानावर नाम पडतेच. हाती टाळ द्यावे, ताल चुकला तर हसू नये. तुळशीला पाणी घालणे, वाती वळणे, आल्यागेल्यास बुक्का लावणे, अशी त्याच्या हाताएवढी कामे द्यावी. हरिपाठ सक्तीने घोकून घेऊ नये. आपण रोज म्हणावा, पोर येऊन बसेल. आणि नैवेद्याआधी लाडू का खाऊ नये, याचे खरे कारण सांगावे. घरात गोड झाले की ते आधी देवापुढे, मग सर्वांच्या पानात, मग आपल्या तोंडात. सगळ्यांना मिळेपर्यंत आपण थांबायचे. एवढे सांगितले तर पोराला समजते. आमच्या नातवाला एका वाक्यात समजले. ते वाक्य द्वादशीच्या सकाळी आम्हांस सुचले नाही, सुचला तो धाक.

आता राहिलेली गोष्ट सांगून पुरी करतो. मुंग्या निघाल्या त्या दिवशी आम्ही नातवाला समोर बसवून सांगितले, "ताप विठोबाने दिला नाही. तो कोणाला ताप देत नाही. मी रागाच्या भरात खोटं बोललो." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीचा ताप उतरला. तेव्हा पळत येऊन म्हणाला, "घेतले वाटतं त्याने लाडू!"

होय म्हणणे किती सोपे होते! पोर खूश झाले असते, देवाचे नावही राहिले असते. पण कालचे कडू खोटे आणि आजचे गोड खोटे, दोन्ही एकाच टाकसाळीतले. आज देव लाडू घेऊन ताप काढतो म्हटले, तर उद्या ज्या घरचा ताप उतरणार नाही, त्या घरच्या पोराने काय समजावे? म्हणून आम्ही सांगितले, "लाडू मुंग्यांनी खाल्ले, बाळा. ताप औषधाने उतरला, आणि तुझी आई तीन रात्री जागली म्हणून."

"मग विठोबाने काय केलं?"

इतकी वर्षे कीर्तने ऐकली, पण या प्रश्नाला आम्ही चटकन उत्तर देऊ शकलो नाही. जरा थांबून म्हटले, "तू रात्री भिऊन जागा होतास ना? तेव्हा तोही जागा होता. तो उभाच असतो, बसत नाही, निजत नाही. तू हाक मारायची वाट बघत होता."

त्या संध्याकाळी तो हरिपाठाला येऊन बसला. हरिपाठ संपल्यावर आपल्यात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. दिंडीत आम्ही कोवळ्या पोराच्याही पायी डोके ठेवतो, त्याला माउली म्हणतो. घरात मात्र नातवंडे आमच्या पाया पडत आणि आम्ही नुसता डोक्यावर हात ठेवून मोकळे होत असू. त्या दिवशी तो वाकला, तेव्हा आम्हीही वाकलो. तो हसू लागला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही चुकलात म्हणून का?"

आम्ही म्हटले, "होय माउली."

रामकृष्णहरि!