दृष्ट उपाय आणि कॅटालिनाचा घाट

सांख्यदर्शनाचा प्रारंभ दुःखाच्या विचाराने होतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पहिल्याच कारिकेत दुःख त्रिविध मानले असून, शरीर-मनातून उद्भवणारे ते आध्यात्मिक, इतर प्राणिमात्रांकडून होणारे ते आधिभौतिक आणि थंडी, ऊन, वारा, पाऊस अशा माणसाच्या हाती नसलेल्या शक्तींमुळे भोगावे लागणारे ते आधिदैविक, असा त्याचा उलगडा गौडपादांच्या भाष्यात आढळतो. त्याच कारिकेत एक शंकाही उपस्थित केली आहे: रोगाला औषध आणि उन्हाला सावली असे 'दृष्ट', म्हणजे व्यवहारात डोळ्यांना दिसणारे, उपाय हाताशी असताना तत्त्वविचाराची यातायात करावीच कशाला? कारिकेचे उत्तर असे की हे उपाय हमखास लागू पडतीलच असे नाही, आणि लागू पडले तरी ते कायमचे टिकत नाहीत.

उन्हावरच्या दृष्ट उपायाचे याहून ठळक उदाहरण शोधायचे तर अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराकडे पाहावे. सोनोरन वाळवंटात सुमारे ७३० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात जून महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो. २६ जून १९९० रोजी तो ४७ अंशांवर गेला होता. शहराच्या उत्तरेला सांता कॅटालिना पर्वतरांग उभी असून तिच्यातील माउंट लेमन हे शिखर २,७९२ मीटर उंच आहे, आणि सुमारे ४३ किलोमीटरचा एक घाटरस्ता शहराची सीमा सोडून थेट त्या उंचीच्या जवळ नेऊन पोचवतो. वर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि त्या प्रसरणात स्वतःचीच उष्णता खर्ची घालते. म्हणून पायथ्याशी अंगाची लाही होत असताना माथ्यावर पंधरा-सोळा अंशांनी गार वाटते. पहिल्या वळणांवर दोन्ही बाजूंना साग्वारो निवडुंगाचे काटेरी खांब उभे असतात. पुढे ते विरळ होत नाहीसे होतात, ओक लागतात, मग उंच पाइन, आणि शेवटी देवदाराच्या जातकुळीतली फर व अ‍ॅस्पेनची झाडे. गाडीतला वातानुकूलक बंद करून काचा खाली घेतल्या की राळेचा वास आत येतो, आणि मराठीत ज्याला जीव निवणे म्हणतात तो अनुभव तासाभरात पदरी पडतो.

या निवण्याला कमी लेखणारी एक प्रतिष्ठित विचारधारा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण यांना येणारे-जाणारे म्हटले असून ते सोसावेत असा उपदेश अर्जुनाला केला आहे. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तर साधकाच्या सहा संपत्तींपैकी 'तितिक्षा' हिची व्याख्याच अशी केली आहे की प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप टाळून सर्व दुःखे सहन करणे म्हणजे तितिक्षा. 'प्रतिकार न करता' या अटीत सारा प्रश्न साठलेला आहे, कारण ती शब्दशः घेतली तर घाट चढणारी प्रत्येक गाडी म्हणजे तितिक्षेचा भंग ठरते. मात्र ही व्याख्या साधकासाठी केलेली आहे, म्हणजे ज्याने विशिष्ट ध्येयासाठी स्वतःहून एक वाट पत्करली आहे त्याच्यासाठी. भर दुपारी छपरावर डांबरी पत्रे ठोकणाऱ्या मजुराला ती लागू करणे हा शास्त्राचा विपर्यास आहे, आणि त्या मजुराच्या सोसण्याला कोणी तप म्हणू लागले तर तो अन्यायही आहे. ताप आणि तप हे शब्द एकाच धातूतून आले असले, तरी त्यांच्यामध्ये संकल्प उभा असतो, आणि तो संकल्प ज्याचा त्यानेच करायचा असतो.

हा भेद या घाटाच्या इतिहासातच कोरला गेला आहे. १९३३ पासून १९५० पर्यंत चाललेले या रस्त्याचे काम मुख्यतः संघराज्याच्या तुरुंगातील कैद्यांनी केले. आज ज्या कातळांतून गाडी सहज वळते, ते त्यांनी फोडले. सुमारे सातव्या मैलाजवळ त्यांची छावणी होती आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे युद्धसेवेला किंवा सरकारी हुकमांना सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारे लोकही ठेवले गेले. त्यांत होपी जमातीचे तरुण होते, तसेच जपानी वंशाचे अमेरिकनही होते. त्यांच्यापैकी गॉर्डन हिराबायाशी हा क्वेकर पंथाचा, म्हणजे युद्ध आणि हिंसा नाकारणाऱ्या ख्रिस्ती संप्रदायाचा, विद्यार्थी होता. केवळ वंशामुळे लादलेली संचारबंदी आणि स्थलांतराचा हुकूम त्याने मानला नाही, आणि १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. त्याला या छावणीपर्यंत नेण्यासाठी सरकारकडे पैसे नव्हते, म्हणून तो वाटेत मिळेल त्या वाहनाला हात करत, शेकडो मैल ओलांडून, स्वतःच टूसॉनला पोचला. तिथे त्याची कागदपत्रे सापडेनात, तेव्हा त्याला परत जायला सांगण्यात आले. तो हटला नाही, म्हणून कागद शोधून होईपर्यंत जेवून एखादा चित्रपट पाहून यायला त्याला सुचवले गेले, आणि संध्याकाळी तो खरोखर परत आला.

निघून जाण्याची वाट मोकळी असताना जो परत येतो, त्याच्या सोसण्यालाच तितिक्षा हे नाव शोभते. त्याच्या शेजारी दगड फोडणाऱ्या, घरी जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य कैद्याचे कष्ट तेवढेच खरे होते, पण त्यांना तितिक्षा म्हणता येत नाही. तो निखळ आधिभौतिक ताप होता, माणसाने माणसाला दिलेला. म्हणजे एका वर्गाच्या आधिदैविक तापावरचा उपाय दुसऱ्याच्या आधिभौतिक तापातून उभा राहिला. दृष्ट उपायांच्या दोन उणिवा कारिकेने सांगितल्या. ही तिसरी तिच्यात नाही, आणि आजच्या वाचकाने ती स्वतः जोडून घेतली पाहिजे. पहिल्या दोन उणिवाही डोंगराने दाखवून दिल्या आहेतच: २००३ च्या वणव्यात माथ्याजवळच्या समरहेवन गावातली शेकडो घरे जळून गेली. हिराबायाशीची शिक्षा १९८७ मध्ये रद्द झाली, आणि छावणीच्या जागेला आता त्याचे नाव आहे.

तरीही उपाय आणि सोसणे या दोनच शक्यता आहेत असे मानणे अपुरे ठरेल. या वाळवंटातील मूळचे तोहोनो ओओधम लोक जूनच्या कडक उन्हाकडे केवळ पीडा म्हणून पाहत नाहीत, कारण साग्वारोची फळे नेमकी तेव्हाच पिकतात आणि त्यांचे नवे वर्षही त्याच सुमारास सुरू होते. साग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्या जोडून केलेल्या लांब काठीने फळ खाली पाडतात, बारीक काळ्या बियांनी भरलेला लाल गर काढून घेतात आणि रिकामे टरफल लाल बाजू आकाशाकडे करून जमिनीवर ठेवतात, म्हणजे पाऊस येतो. त्या गराचा पाक आंबवून केलेले मद्य पावसाला बोलावण्याच्या विधीत प्राशन केले जाते. इथे ताप टाळलेला नाही आणि निमूटपणे सोसलेलाही नाही. त्याला ऋतुचक्रातले काम नेमून दिलेले आहे. जुलैच्या सुरुवातीस दुपारचे पहिले ढग जमतात ते कॅटालिनाच्या माथ्यावर, आणि ओओधम भाषेत या पर्वताचे नाव आहे बाबाद दोआग, म्हणजे बेडकांचा डोंगर.