झीज कोठे होते?

शास्त्रपाठ : लेवीय २४:१-४



१९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे भोपाळात यंत्रकाम रुजले. अरेरा कॉलोनीतल्या आपल्या कुटुंबांना गोविंदपुऱ्यातले लेथ परके नाहीत.

चांगला टर्नर लेथ सुरू करण्यापूर्वी बेडवरचा लोखंडाचा कीस ब्रशने झाडतो, फडक्याने पुसतो आणि मगच तेल घालतो. कीस तसाच ठेवून वर तेल ओतले, तर दोन्ही मिळून बेडलाच घासू लागतात. काम चालू असता हत्यारावर पांढरे कूलंट वाहते. ते सर्वांना दिसते. पण ते हत्यार थंड ठेवते आणि बेडवरचे तेल धुऊन नेते. बेड सर्वांत अधिक झिजतो तो चकाजवळ, जेथे रोजचे काम चालते. मग कातलेल्या दांड्याची जाडी सर्वत्र सारखी येत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मंडळीतही झीज होते ती अधिक राबणाऱ्याची! सभा, गीते, वर्ग यांचा ओघ सर्वांना दिसतो. त्याच ओघात अंतःकरण कोरडे पडते. मग चुकलेले माप मुलांच्या जीवनात उतरते.

अहरोनाने दिव्याची व्यवस्था नित्य ठेवावी, अशी देवाची आज्ञा होती. आठवड्यातून एकदा नव्हे. म्हणून आधी पाप कबूल करून कीस झाडा, मग वचन व प्रार्थना यांच्याद्वारे तेल मागा. यंत्र कर्कश वाजू लागल्यावर नव्हे, तर रोज, सेवेला हात घालण्यापूर्वी. प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.