दृष्टान्त, देऊळ आणि विहीर

प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) वैकुंठाचे विमान प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत उतरते. संतपटात चमत्कार हाच पुरावा असतो. २००४च्या ‘श्वास’नंतर मराठीत जी नवी लाट आली, तिने हा पुरावा देणे थांबवले.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) करडी गाय शोधायला निघालेल्या केश्याला झाडाखाली झोपेत दत्ताचा दृष्टान्त होतो. तो खरा की भास, हे चित्रपट ठरवत नाही, आणि त्याचे मोठेपण यातच आहे. मंगरूळ गावात देऊळ उभे राहते, दुकाने येतात, पैसा येतो. गावातल्या अण्णांना हवे असलेले इस्पितळ मागे पडते. गावाचे वागणे चित्रपट कठोरपणे तपासतो, पण केश्याच्या श्रद्धेला हात लावत नाही. अनुभव एकट्याचा असतो. त्याची संस्था झाली की तो ज्याचा होता, त्यालाच त्यात जागा उरत नाही.

श्रद्धेला खरे-खोटे न ठरवता तिच्याकडे कसे पाहायचे, हाच पेच चिनी नव्या लाटेच्या आरंभी दिसतो. चेन कायगे यांच्या ‘यलो अर्थ’मध्ये (१९८४) लोकगीते गोळा करायला कम्युनिस्ट सैनिक दुष्काळी शाआन्शी प्रांतात येतो. अखेरीस शेतकरी पावसासाठी ड्रॅगनराजाची आळवणी करतात. नवी विचारसरणी आणि जुनी प्रार्थना यांपैकी कशालाही कॅमेरा वेडेपणा ठरवत नाही. झांग यिमोऊ यांच्या छायाचित्रणात माणूस मातीच्या डोंगराखाली ठिपक्याएवढा दिसतो, आणि प्रार्थना का सुटत नाही हे त्या आकारावरूनच कळते.

कुलकर्णी यांचाच आधीचा ‘विहीर’ याहून खोल उतरतो. त्यात नचिकेत विहिरीत बुडून मरतो आणि भावाच्या नात्यापलीकडचा सखा गमावलेला समीर त्याला शोधायला घर सोडतो. कठोपनिषदातला नचिकेता मेल्यावर माणूस उरतो की नाही, हे थेट यमाला विचारतो. इथे त्याच नावाचा मुलगा निघून गेला आहे, प्रश्न मागे राहिलेल्याकडे आला आहे आणि उत्तर द्यायला यम नाही. सुधीर पळसणे यांचा कॅमेरा माळरानावर, पाण्यावर रेंगाळतो. त्या रेंगाळण्यात दिग्दर्शक काही सिद्ध करत नाही. समीरला जेवढे दिसते तेवढेच प्रेक्षकालाही दिसते. लहानपणीच्या लपाछपीत लपलेला गडी शोधायचा असतो, तसाच समीर नचिकेतला शोधत राहतो.